मंगीचं नाव घ्यायचं ऱ्हायलं

नगरला आजारी लेकरू घेऊन जायाचं तर कसं जायाचं, कुठं उतरायचं, संगं काय न्यायचं, हे मला आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका लई इचारत्यात. मी जाऊन आलेली म्हनून. आन नगरहून आल्यावर तू पाथर्डीकडं कशाला गेल्तीस, हे पन इचारत्यात. दर वेळी मी अर्धं सांगते आन अर्धं गिळते. तवा एकदा सगळं लिहून काढते. मी दुसरीपतूर शिकलेली, जशी बोलते तसंच लिहिलंय.

दुष्काळाचं साल हुतं. आमचं गाव नेवासा तालुक्यात, मोठ्या सडकेपासून आत. मार्था माझी चार वर्सांची. आधी ताप आला, मग घसा दुखतो म्हनाली, मग मान सुजली आन आवाज बसला. श्वास घेताना करवत चालवल्यावानी आवाज यायला लागला. आत्याबाई, म्हंजी माझी सासू, तिला उन्हात घेऊन गेल्या आन चमच्याच्या दांडीनं जीभ दाबून आत बघितलं. बघून त्यांनी चमचा खाली ठिवला.

"सायीवानी पांढरं धरलंय," त्या म्हनल्या. "घटसर्प हाय."

आत्याबाईंचं एक लेकरू ह्याच आजारात गेलेलं, मला ठावं हुतं.

आमच्यात आजारी मानसासाठी मंडळीतल्या वडील मानसांना बोलावत्यात. ते येत्यात, कपाळाला तेल लावत्यात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत्यात. येसूदासबाबा आले. आमच्या मंडळीत सगळ्यात म्हातारे. त्यांनी तेल लावलं, लई वेळ प्रार्थना केली, आमेन म्हनले आन डोळे उघडायच्या आधीच मार्थाच्या बापाला म्हनले, "गाडी जुपली का?"

हे म्हनले, "बाबा, तुमी प्रार्थना केली न्हवं?"

"केली की. देवाला सांगून झालं. आता त्यालाबी गाडीत बसीव आन नगरला चल. घरात बसून त्यानं काय करायचं?"

म्हनून आमी निघालो. हे मुद्दाम लिहिते, कारन लोकांना वाटतं ख्रिस्ती लोक नुसती प्रार्थना करीत बसत्यात. आमच्याकडं तसं न्हाई.

बैलगाडीनं फाट्यापतूर या. गाडीत कडबा घालायला नव्हता, जनावरांनाच नव्हता, तर आमी गोधडी दुमडून घातली. फाट्यावर नगरची यष्टी मिळती. हात केला की थांबती, पन गर्दी असली तर न्हाई थांबत, तवा बाप्या मानसानं रस्त्यात म्होरं उभं ऱ्हावं. मागच्या शीटावर बसू नका. इमामपूरच्या घाटात मागची मानसं उडत्यात, आजारी लेकराचं काय होईल.

आमाला मागंच जागा मिळाली. शेजारची बाई मार्थाचा श्वास ऐकून सरकून बसली. कंडक्टर तिकिटं फाडत आला, थांबला, मार्थाकडं बघितलं.

"किती दिवस झाले?"

"चार," हे म्हनले.

त्यानं पुढच्या शीटावरच्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याला उठवलं. "बाबा, मागं जा जरा."

"मी तिकीट काढलंय."

"तिकीट मागं पन चालतं. जा."

म्हातारा कुरकुरत उठला, पन मार्थाला बघितल्यावर त्यानं आपलं धोतराचं गाठोडं तिच्या डोक्याखाली ठिवलं आन मागं गेला. घोडेगावच्या बाजाराला जनावरं चाललेली, हाडं वर आलेली. खिडकीतून सगळं तांबूस दिसत हुतं, हिरवं कुठं न्हाई. पांढरीच्या पुलाखाली पानी न्हाई. घाट चढताना मी मार्थाच्या तोंडाकडंच बघत हुते. दर श्वासाला वाटायचं आता पुढचा येतो का न्हाई. मी मनात एकच म्हनत हुते, येशूबापा, घाट सरू दे. दुसरं काय सुचतच नव्हतं.

नगरला माळीवाड्यात उतरायचं. तिथं टांगे असत्यात. टांगेवाला जास्त सांगतो, पन लेकरू बघितलं की कमी करतो. मिशनचा दवाखाना म्हना, कुनीबी नेतंय. संगं एक पातेलं, तांब्या, दोन चादरी, मीठ-मिरची आन भाकरीचं पीठ न्या. घरच्या मानसांनी बाहेर लिंबाखाली तीन दगडांवर करून खायाचं असतं. जळन फाटकाबाहेर मिळतं, ओलं देत्यात, बघून घ्या. आत लेकरापाशी एकच बाई ऱ्हाती.

डाक्टरीनबाईंनी घशात बघितलं आन लगेच सुया दिल्या. मला म्हनल्या, "आणलंत ते बरं केलंत. आता दोन-तीन दिवस आपल्या हातात नाहीत." मग आमाला मागच्या बाजूच्या खोलीत नेलं. घटसर्पाची लेकरं येगळी ठेवत्यात. त्या खोलीत दोन खाटा. एकीवर आमी. दुसरीवर मंगी.

मंगी मार्थापेक्षा थोडी मोठी, केस दाट, आन बडबडी. ती आमच्या आधी आली हुती आन तिचा घसा मोकळा झाला हुता. उशीला टेकून बसायची, तांदळाची पेज प्यायची. नुसतं नाकात बोलायची आन पानी पिलं की नाकातून यायचं. तिला त्याचं हसू यायचं. तिची आई गयाबाई. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याचं गाव. दर वर्सी ऊस तोडायला श्रीगोंद्याकडं जानारी मानसं, त्या साली दुष्काळी कामावर. माझ्यापेक्षा मोठी, अंगानं काटक, आन बोलायला फटकळ.

मी पहिल्या दिवशी खाटेच्या कडेला बसून थरथरत हुते तर ती म्हनली, "ए बाई, अशी हालू नको, खाट हालती. लेकरू आधीच दमलंय."

मग तिनंच मला चहा आनून दिला. तिचा नवरा बाहेरून द्यायचा. माझं नाव इचारलं. रत्ना म्हनलं तर ती रतनच म्हनायला लागली.

"तुमी किरिस्ताव का?"

"व्हय."

"मग तुमचा देव हितंच हाय म्हन की, घरातच. आमचा लांब हाय, डोंगरावर." आन हसली. "त्याला हितपतूर यायला टाइम लागतो."

सिस्टर सकाळी खोलीत येऊन गीत म्हनायच्या. मंगी नाकातून त्यांच्या मागं म्हनायची. गयाबाई तिला म्हनायची, "गा, गा, बाटलीस तू." पन रागानं न्हाई.

मार्था दुसऱ्या दिवशी लई बिघडली. ओठ निळे. डाक्टरीनबाई सारख्या येऊन बघत हुत्या, घशाला भोक पाडावं लागंल का म्हनून. मी तिचा हात सोडला न्हाई. प्रार्थना मी मोठ्यानं कधी केलेली न्हाई. आमच्यात मोठ्यानं प्रार्थना मंडळीतले वडील करत्यात, पाळकसाहेब, म्हंजी आमचे पाद्री, करत्यात. त्यांचे शब्द पुस्तकातले असत्यात. हे कृपाळू पित्या, असं. मला वाटायचं माझे शब्द वर कसे जातील. म्हनून मी निरोप धाडला हुता, पाळकसाहेबांना या म्हना.

गयाबाईनं ते ऐकलं हुतं. धुनं गोळा करता करता म्हनली, "तुझा साहेब येनार हाय म्हनं."

"व्हय, आज येतील."

"आला की माझ्या मंगीचं पन नाव घ्यायला सांग. तसं आता बरंय तिचं. पन सांग. नाव घ्यायला काय जातंय."

"सांगते," मी म्हनलं.

ती धुनं घेऊन नळावर गेली. ती गेली आन पाळकसाहेब आले.

त्यांना आत सोडत नव्हते. दारात उभे ऱ्हायले, टोपी हातात. अंगावर सगळी धूळ. दोन गावच्या मंडळ्यांची उपासना घेऊन आले हुते आन परतीची गाडी धरायची हुती. मी त्यांना मार्थाचं सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं. त्यांनी दारातूनच हात वर केला आन प्रार्थना केली. लई चांगली केली. मार्थाचं नाव चार वेळा त्यांच्या तोंडात आलं असंल.

त्यांचं आमेन झालं. मला मंगी दिसत हुती. ती खाटेवर बसून चादरीचा दोरा वढत हुती आन पाळकसाहेबांकडं बघत हुती. मला गयाबाईचं बोलनं आठवलं. पन माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते. आमच्या गावात टँकर यायचा. हंडे रांगेत लावायचे. पुढच्याचा भरला की मग मागच्याचा, आन शेवटी कुनाकुनाचा ऱ्हायचाच. मला वाटलं ही तर बसलीय, पेज पितीय. माझी मरायला टेकलीय. आधी माझीचं होऊ दे. तिचं नाव घेतलं तर माझ्या वाटनीचं थोडं कमी होईल, असं वाटलं. त्या टायमाला ते मला खरंच तसं वाटलं.

पाळकसाहेबांनी इचारलं, "आणखी काही?"

मी म्हनलं, "काही न्हाई साहेब. तुमची गाडी जाईल."

ते गेले. गयाबाई ओली लुगडी खांद्यावर टाकून आली. "झालं का गं?"

"झालं," मी म्हनलं.

ती बरं म्हनली आन लुगडी झटकायला लागली.

त्या दिवशी मार्थाचा श्वास जरा हलका झाला. दुसऱ्या दिवशी आनखी. डाक्टरीनबाईंनी पहिल्यांदा मला जेवून घे म्हनून सांगितलं. मी बाहेर जाऊन लिंबाखाली यांच्या हातची भाकरी खाल्ली, करपलेली हुती, आन मला ती गोड लागली.

मी आत आले तवा गयाबाई मंगीचे केस इंचरत हुती. मंगीनं आईच्या मांडीवर डोकं ठिवलं हुतं. गयाबाई तिला म्हनत हुती, उवांचा कारखाना काढलाय तू डोक्यात. अर्धे केस इंचरून झाले, अर्धे ऱ्हायलेले. मग गयाबाईनं फनी थांबवली.

"मंगे," ती म्हनली. मग माझ्याकडं बघितलं. "रतन, ही जड का लागती?"

मी सिस्टरला हाका मारत पळाले. डाक्टरीनबाई आल्या, छातीला कान लावला, सुई दिली, छाती चोळली. काही झालं न्हाई. त्यांनी आमाला मग सांगितलं, ह्या आजारात असं होतं. घसा मोकळा होतो, लेकरू बरं दिसतं, पन आतून काळीज थकलेलं असतं आन एकाएकी बंद पडतं. कुनाची चूक न्हाई. आईची न्हाई, दवाखान्याची न्हाई. हे त्यांनी गयाबाईला दोनदा सांगितलं. गयाबाई ऐकत नव्हती. ती ऱ्हायलेले केस इंचरत हुती.

यष्टीत मढं घेत न्हाईत. तिचा नवरा बाजारात जाऊन एक ट्रक बघून आला, पाथर्डीला धान्य नेनारा. पोत्यांवर बसून जायचं. निघताना गयाबाई आमच्या खाटेपाशी आली. मी उठून उभी ऱ्हायले. मला वाटलं ती काय बोलंल. तिनं मार्थाच्या डोक्यावर हात ठिवला, जसा येसूदासबाबांनी ठिवला हुता तसा, आन म्हनली, "हिला ठेव बाबा." कुनाला म्हनली, तिच्या देवाला का आमच्या, मला ठावं न्हाई. मग चादरीचं गाठोडं उचलून गेली.

माझ्या लेकरासाठी तिनं मागितलं. तिच्या लेकरासाठी मी मागितलं न्हाई.

मार्थाला लई दिवस झोपवून ठिवलं, उठू पन दिलं न्हाई. मग घरी आलो. पानी पिलं की तिच्या नाकातून यायचं, मंगीसारखंच. घरातली सगळी हसायची, माझ्यानं हसवत नव्हतं.

मार्था अंगनात चालायला लागली तवा मी यांना म्हनलं, मला पाथर्डीकडं जायाचंय.

"कशाला? ना नातं ना गोतं. आन सांगनार काय जाऊन?"

"जायाचंय."

आत्याबाई चुलीपाशी हुत्या. त्यांनी मागं न बघता सांगितलं, "मी जाते हिच्यासंगं. मार्थाला तू सांभाळ. आपल्या दुष्काळी कामावर एक दिवस खाडा झाला तर तळं काय पळून जात न्हाई."

तर पाथर्डीची वाट सांगते. नगरला जायाची गरज न्हाई. नेवाशातून शेवगावची गाडी धरायची, शेवगावला उतरून पाथर्डीची. सकाळी लवकर निघा, न्हाईतर शेवगावच्या स्टँडवर उन्हात बसावं लागतं. तिथं चहा मिळतो पन पावडरच्या दुधाचा. आत्याबाईंनी एक घोट घेतला आन चहावाल्याला म्हनल्या, "ह्यात दूध टाकलंस का चुना?"

"म्हातारे, म्हशी चाऱ्याच्या छावनीत हायेत. आनतीस का जाऊन?"

"आनली तर चहाबी तुझ्यापेक्षा बरा करीन."

"मग हितंच ऱ्हा, भांडी घासायला बाई पायजेच हाय."

आत्याबाई हसल्या. मी हसले न्हाई ते त्यांनी बघितलं. पाथर्डीच्या गाडीत बसल्यावर मला म्हनल्या, "आता सांग. नुसत्या दुखवट्याला एवढ्या लांब कुनी जात न्हाई."

मी सांगितलं. टँकरचं पन सांगितलं. सासूला असं सांगनं सोपं न्हाई, पन गाडीत सगळ्यांची तोंडं पुढं असत्यात, त्यामुळं जमलं. आत्याबाई खिडकीबाहेर बघत ऱ्हायल्या. बाहेर काय नव्हतं बघायला. उकरलेल्या हिरी, सोलून नेलेली झाडं, आन रस्त्याच्या कडंनं कामावर चाललेली मानसं, प्रत्येकाच्या डोक्यावर घमेलं.

"मग तिला काय म्हननार?"

"खरं सांगनार. माफी मागनार."

"हं," त्या म्हनल्या.

पाथर्डीहून पुढं गाडी नव्हती. कामावरच्या मानसांचा ट्रक जातो, त्यात बसवून घेत्यात. म्हातारं मानूस असंल तर डायवरपाशी बसवत्यात. आत्याबाई डायवरपाशी बसल्या, मी मागं. डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं काम चाललं हुतं. लांबून नुसता आवाज येतो, शेकडो हातोड्या दगडावर पडायचा. जवळ गेल्यावर दिसलं, बायकांच्या रांगाच रांगा, पुढं दगडाचा ढीग, मागं फोडलेल्या खडीचा. लेकरं झोळ्यांत.

मुकादमाला इचारलं. तो म्हनला, "कोनती गया? हितं तीन गया हायेत."

मला सांगता येईना. आत्याबाईच म्हनल्या, "जिची पोर नगरला गेली ती."

त्यानं हात केला तिकडं गेलो. गयाबाईनं बोटांना चिंध्या बांधल्या हुत्या. अंगानं आनखी वाळलेली. मला बघून तिनं हातोडी खाली ठिवली. पहिलं तेच इचारलं, "मार्था?"

"बरी हाय."

"हाय न्हवं?"

"चालती. बोलती. पानी नाकातून येतं."

"ते थांबतं म्हनली हुती डाक्टरीन. थांबंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ह्या कोन?"

"सासू हाय माझी."

"या मावशे, बसा. बसायला दगडच हायेत, पन लई हायेत."

जेवायची सुट्टी झाली. बाभळीखाली चार-पाच बायका बसल्या, त्यात आमाला घेतलं. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आन चटनी. मी भाकरी हातात घेऊन बसले, गिळंना. मी सुरवात करनार हुते. खरंच करनार हुते. गयाबाई, मला एक बोलायचंय, एवढं तोंडात आलं हुतं.

तेवढ्यात ती बायांना म्हनली, "हीच ती रतन. मी सांगितलं न्हवं, किरिस्ताव बाई, नगरच्या दवाखान्यातली. हिच्याच साहेबानं माझ्या मंगीचं नाव घेतलं हुतं."

एक बाई म्हनली, "घेऊन काय झालं गयाबाय? पोरगी गेलीच की."

"गेली," गयाबाई म्हनली. "पन तुला ठावं हाय का घटसर्पाची लेकरं कशी जात्यात? ह्या सखूचा दीर गेला तवा तूच हुतीस न्हवं? चार मानसं धरून बसली हुती. डोळे बाहेर. माझी मांडीवर डोकं ठेवून गेली. झोपल्यावानी. इंचरता इंचरता. एक डाव तडफडली न्हाई. ते कशानं झालं? नाव घेतलं हुतं म्हनून." मग माझ्याकडं वळली. "जीव राखायचं त्याच्या हातात नसंल. पन सुखानं नेली. मी रोज दगड फोडताना तेवढंच धरून बसते. व्हय का न्हाई रतन? घेतलं हुतं न्हवं नाव?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघत हुत्या. आत्याबाईंनी भाकरी फडक्यावर ठिवली.

मी म्हनलं, "घेतलं हुतं."

"काय म्हनला साहेब?"

"म्हनले," आन मला पाळकसाहेबांसारखे शब्द येईनात, तर जे आलं ते म्हनलं, "म्हनले, बापा, ह्या मंगीला सांभाळ. ती लहान हाय. तिला भ्याव वाटू देऊ नको."

गयाबाईनं मान हालवली. "चांगलं म्हनला," ती म्हनली, आन खायला लागली.

कामाची घंटा झाली. निघताना तिनं कामावर खायाला मिळनारी आपल्या वाटनीची सुकडी कागदात बांधून दिली, मार्थासाठी. मी नको नको म्हनलं. ती म्हनली, "लेकराचं हाय, तुला कोन देतंय?" आन हातोडी उचलून दगडापाशी जाऊन बसली. आमी ट्रकची वाट बघत उभ्या हुतो तवा ती एकदा वळून बघंल असं मला वाटलं, पन खडीचं माप पुरं करायचं असतं.

आत्याबाईंनी उभ्या जन्मात खोटं बोललेलं मला ठावं न्हाई. बाजारात मापाला पन त्या देवाचं नाव घेऊन बोलत्यात. शेवगावच्या स्टँडवर गाडीला उशीर हुता. तिथं बाकावर बसल्यावर म्हनल्या, "मी असते तर मी पन तेच म्हनले असते."

मला जरा बरं वाटलं.

मग म्हनल्या, "पन आता तुला माफी मागायला जागा ऱ्हायली न्हाई. ती जागा तू तिला देऊन आलीस."

घरी आल्यावर मार्थाला सुकडी दिली. तिनं सगळी खाल्ली. कुनी दिली इचारलं. मी म्हनलं, मंगीच्या आईनं. मंगी कोन, ते तिला आठवत न्हाई.

आमच्यात लेकरू मरनाच्या दारातून आलं की रविवारच्या उपासनेत आईनं उभं ऱ्हाऊन साक्ष द्यायची असती. देवानं काय केलं ते चारचौघांत सांगायचं. पाळकसाहेब दोन-तीन रविवार मला म्हनले, "रत्नाबाई, तुमची साक्ष राहिली." मी दर वेळी पुढच्या रविवारी म्हनायचे. मग एका दुपारी ते घरी आले तवा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अर्धा चहा तसाच ठिवला.

मी इचारलं, "साहेब, आता घ्याल का तिचं नाव? एकदाच. मी तिला सांगून आलेय."

ते म्हनले, "रत्नाबाई, गेलेल्या माणसासाठी आपण प्रार्थना करत नाही. ते देवाच्या हातात गेलं. आता आपलं मागणं तिथं चालत नाही." ते हळू बोलले, पन तेच बोलले.

"व्हय साहेब."

ते उठले, टोपी घेतली, आन दारात थांबले. "मी तुम्हाला 'आणखी काही' असं विचारलं होतं," ते म्हनले. "आठवतं? मला ती दुसरी पोर दिसत होती. माझ्याकडंच बघत होती. तिच्यासाठी कुणी सांगायला कशाला पाहिजे होतं? मला नाव ठाऊक नव्हतं, पण नावाशिवाय पण करता आली असती. माझी गाडी होती."

"मनात केली असंल तुमी," मी म्हनलं. मला ते लई पायजे हुतं.

"केली असं म्हणता येत नाही मला," ते म्हनले. "आठवत नाही."

तवापासून ते मला साक्ष दे म्हनत न्हाईत.

मार्था बरी हाय. पानी नाकातून यायचं थांबलं. देवानं दिली, हे मी उठता बसता म्हनते आन त्यात काही खोटं न्हाई. पन ते उपासनेत उभं ऱ्हाऊन सांगायचं तर त्या खोलीत दोन खाटा हुत्या हे सांगावं लागंल. आन दोन खाटा सांगितल्या तर बोलनं बोलनं जोडत ते पाथर्डीच्या कामावर पोचंल. दगड फोडताना ती जे धरून बसती ते मी तिच्या हातातून काढून घेऊ का?

तुमी नगरला जानार असाल तर सकाळची गाडी धरा, पुढं बसा, मीठ-मिरची न्या. शेजारच्या खाटेवर कोन हाय ते आधी इचारा. कुनी नाव घ्यायला सांगितलं तर तिथंच घ्या, आपल्या शब्दांत, पाळकांची वाट बघू नका. ते वर जातं का न्हाई मला ठावं न्हाई. पन खाली ऐकनारं मानूस असतं.

आन एक. हितं मी गया लिहिलंय, ते तिचं नाव न्हवं. मंगी पन न्हवं. खरं नाव लिहिलं तर कोनीतरी तिला वाचून दाखवील. म्हनून त्या पोरीचं नाव अजून माझ्या तोंडातच हाय.